वेग आणि संसार

स्पोर्ट्स कार आणि संसारी माणूस यांचा छत्तिसाचा आकडा आहे, असा समज आपल्याकडेच काय, पण मोटारगाडीच्या माहेरघरीही रूढ आहे. वेगवान गाडी म्हणजे दोघांपुरती जागा, जमिनीला घासणारे अंग, कानठळ्या बसविणारा आवाज आणि खिशाला न पेलणारा खर्च. आणि रोजच्या वापराची गाडी म्हणजे चार माणसे, भाजीची पिशवी, मुलांची दप्तरे आणि निमूट चाल. या दोहोंपैकी एक पत्करली म्हणजे दुसरीवर पाणी सोडावेच लागते, असे मानून पुष्कळ सुज्ञ माणसे आपली आवड मनातल्या मनात मारतात. आणि काही कमी सुज्ञ माणसे कर्ज काढून अशी गाडी घेतात, की जी वर्षातून दहा महिने कापडाखाली झाकून ठेवलेली असते. हा समज कितपत खरा आहे, याचा निर्णय जाहिराती वाचून लागणे शक्य नाही. स्पोर्ट्स कारच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात मात्र त्याचे उत्तर पुष्कळसे सापडते, असे आमचे मत आहे. आणि तेच येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. शर्यतीची गाडी आणि स्पोर्ट्स कार या दोन वस्तू एक नव्हेत. शर्यतीच्या गाडीला राखून ठेवलेला मार्ग, पंच आणि कारागिरांचा ताफा लागतो. स्पोर्ट्स कार सार्वजनिक रस्त्यावर, बाजारात मिळणाऱ्या पेट्रोलवर आणि मालकाच्या स्वतःच्या हाती चालावयाची असते. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे तिच्या जन्मकथेतील एक गोष्ट विशेष नजरेत भरते. जर्मनीत १९०८ ते १९१० या तीन वर्षी कैसर दुसरा विल्हेल्म याचा भाऊ प्रिन्स हाइनरिख याच्या नावाने मोटारींच्या लांब पल्ल्याची एक चढाओढ भरत असे. तीत प्रवेश होता तो चार माणसे बसतील अशा प्रवासी गाड्यांना. १९१० साली ही चढाओढ ऑस्ट्रो-डाइम्लर कंपनीच्या गाडीने जिंकली, आणि ती गाडी हाकणारा गृहस्थ तिचा रचनाकार फर्डिनांड पोर्श हा होता. त्याच चढाओढीसाठी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल कंपनीकरिता लॉरेन्स पॉमरॉय याने तीन लिटरच्या एंजिनाची जी गाडी सिद्ध केली, तिला पुढे ‘प्रिन्स हेन्री’ हे नाव पडले. आणि पहिली स्पोर्ट्स कार कोणती, असा प्रश्न निघाला म्हणजे कित्येक इतिहासकार तिच्याकडेच बोट दाखवितात. सारांश, स्पोर्ट्स कारच्या पाळण्यापाशीच चार माणसांची जागा आणि शेकडो मैलांचा खडतर प्रवास या दोन अटी उभ्या होत्या. सोय आणि वेग यांचे वैर उपजत नव्हे. ते मागाहून आले.

तथापि या जुन्या गाड्या धनिकांच्या होत्या, हे कबूल केले पाहिजे. मध्यमवर्गीय माणसाच्या आटोक्यात स्पोर्ट्स कार आणून ठेवण्याचे श्रेय मुख्यतः एका माणसाकडे जाते. ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस याच्या मालकीचे ‘मॉरिस गॅरेजेस’ नावाचे विक्री-दुरुस्तीचे दुकान होते. १९२२ साली सेसिल किंबर हा तेथे व्यवस्थापक झाला. मॉरिसच्या साध्या, टिकाऊ गाड्यांचे सांगाडे घ्यावे, त्यांत थोडाफार फेरफार करावा आणि वर हलके व देखणे अंग चढवून त्या विकाव्या, असा उद्योग त्याने आरंभिला. दुकानाच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच एम. जी. ही जगप्रसिद्ध मुद्रा. १९२८ च्या लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात त्याने ‘मिजेट’ ही लहानगी गाडी मांडली. तिचा सांगाडा आणि ८४७ घनसेंटिमीटरांचे एंजिन ही दोन्ही त्याच वर्षी निघालेल्या ‘मॉरिस मायनर’ या घरगुती गाडीची होती. वरचे अंग लाकडी चौकटीवर प्लायवुड आणि त्यावर कापड मढवून केलेले. किंमत १७५ पौंड.

या गाडीच्या यशाचे रहस्य समजण्यासाठी त्या काळच्या इंग्लंडमधील करपद्धती पाहिली पाहिजे. १९२१ पासून तेथे मोटारीवरील वार्षिक कर अश्वशक्तीमागे एक पौंड या दराने घेत. ही अश्वशक्ती एंजिनाच्या प्रत्यक्ष बळावरून ठरत नसे. सिलिंडरांची संख्या आणि त्यांचा व्यास एवढ्यावरूनच तिचे गणित मांडीत. मिजेटच्या सिलिंडरांचा व्यास ५७ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ८३ मिलिमीटर होती. व्यास लहान असल्यामुळे सरकारदरबारी ती आठ अश्वशक्तींची गाडी ठरे, आणि प्रत्यक्षात तिच्या अडीचपट बळ देई. मालकाला कर पडे तो एखाद्या कारकुनाच्या गाडीइतका. सुटे भाग मॉरिसच्या कोणत्याही दुकानात मिळत. कामावर जाऊन येऊन शनिवारी हीच गाडी एखाद्या डोंगरचढणीच्या स्पर्धेत नेणारे तरुण त्या काळी इंग्लंडात पुष्कळ निघाले. अशा तीन हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. दारोदारच्या गाडीचे आतडे घेऊन आनंदाची गाडी घडवावयाची, ही किंबरची युक्ती पुढील सर्व इतिहासाची गुरुकिल्ली होय, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्राला हा न्याय अपरिचित नसावा. मराठ्यांच्या फौजेत उंच्या अरबी घोड्याची प्रतिष्ठा मोठी होती. परंतु रोजच्या मजलांचा भार वाहिला तो भीमथडीच्या तट्टाने. मिळेल तो चारा खावा, डोंगरवाटेने चालावे आणि वेळ पडल्यास भरधाव सुटावे, ही त्याची कीर्ती. किंबरची मिजेट ही मोटारींतील भीमथडी होती, असे म्हणावयास हरकत नाही.

किंबरचा शेवट मात्र खेदकारक झाला. युद्धकाळात, १९४१ साली, त्याला एम. जी. सोडावी लागली, आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून निघालेली आगगाडी बोगद्यातील चढावर घसरून मागे आली आणि डबा उलटला, त्या अपघातात तो मरण पावला. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेली ‘टी. सी.’ मिजेट त्याला पाहावयास मिळाली नाही. या गाडीच्या एकंदर दहा हजार प्रती निघाल्या आणि त्यांपैकी सुमारे दोन हजार अमेरिकेस गेल्या. संख्या लहान खरी. परंतु युद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी या गाड्यांची गोडी आपल्या देशात नेली, आणि तेथे स्पोर्ट्स कारची जी बाजारपेठ उभी राहिली, तिच्यावर इंग्लंडचे कारखाने पुढे तीस वर्षे जगले.

पण टी. सी. रोज वापरावयाची म्हणजे तप होते. पावसाला कापडी छप्पर, वाऱ्याला बटणांनी लावावयाचे पडदे आणि ऊब हवी असल्यास अंगावरचा कोट. याच ठिकाणी ‘खऱ्या’ स्पोर्ट्स कारला गैरसोय असावीच लागते, असे मानणारा एक पंथ निर्माण झाला, आणि तो अद्यापि हयात आहे. त्याचे म्हणणे असे की, काच वर आली, छप्पर पक्के झाले, की गाडीचा आत्मा गेला. या पंथाला उत्तर खुद्द एम. जी. नेच दिले. १९६२ साली निघालेल्या ‘एम. जी. बी.’ला वरखाली होणाऱ्या काचा होत्या. आणि १९६५ साली पिनिनफारिना या इटालियन शिल्पशाळेच्या साहाय्याने तिला पक्के छप्पर, वर उघडणारा मागचा दरवाजा आणि मुलांपुरते मागील आसन देऊन ‘जी. टी.’ काढण्यात आली. १९८० पर्यंत एम. जी. बी.च्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. सोयीमुळे आत्मा गेला असता तर गिऱ्हाईक इतके राहिले नसते.

आत्मा गेला तो दुसऱ्याच कारणांनी. अमेरिकेच्या नव्या सुरक्षानियमांप्रमाणे दिवे व धक्कापट्ट्या ठराविक उंचीवर असणे अवश्य झाले, तेव्हा पैशाची चणचण असलेल्या कारखान्याने नवी गाडी काढण्याऐवजी १९७४ साली जुनीच गाडी स्प्रिंगांवर उंच उचलून तिला रबरी ठोकळे जोडले. गाडी वळणावर डुलू लागली. उलटपक्षी, १९६९ च्या अखेरीस जपानच्या निसान कंपनीने ‘डॅटसन २४० झेड’ ही गाडी बाजारात आणली होती. सहा सिलिंडर, पक्के छप्पर, वर उघडणारा मागचा दरवाजा, आणि अमेरिकेतील किंमत ३,५२६ डॉलर. ती अमेरिकन गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविण्याचे काम निसानच्या युताका काटायामा याने मोठ्या जिद्दीने केले. तिची सर्वांत मोठी कर्तबगारी कोणती म्हणाल, तर ती रोज सकाळी पहिल्या झटक्यात चालू होई. इंग्रजी गाड्यांच्या तैलगळतीस आणि विजेच्या लहरींस विटलेल्या गिऱ्हाइकाने ‘नित्योपयोगी’ या शब्दाचा खरा अर्थ येथे शिकून घेतला. १९८० च्या ऑक्टोबरात एम. जी. चा ॲबिंग्डन येथील कारखाना बंद पडला.

जर्मनीतील वृत्तान्त याहून बोधप्रद आहे. वर उल्लेखिलेल्या फर्डिनांड पोर्श याने जर्मनीची लोकगाडी, म्हणजे ‘फोक्सवागन’, निर्माण केली, हे सर्वश्रुतच आहे. त्याचा पुत्र फेरी पोर्श याने १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्मुंड या गावी याच लोकगाडीचे भाग घेऊन ‘३५६’ ही स्पोर्ट्स कार बांधली. किंबरचीच युक्ती ही. मॉरिसच्या जागी फोक्सवागन आली एवढेच. तिची उत्तराधिकारी १९६३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात प्रथम ‘९०१’ या नावाने दिसली. मधोमध शून्य असलेल्या आकड्यांवर फ्रान्सच्या पेझो कंपनीने हक्क सांगितल्यावरून तिचे नाव ‘९११’ झाले. वजन १,०८० किलो, दोन लिटरचे हवेने थंड होणारे एंजिन, १३० अश्वशक्ती. आणि मागे मुलांना बसता येईल अशी दोन लहान आसने. ही दोन आसने पाहून पुष्कळांनी नाके मुरडली असतील. पण बायकोची संमती मिळविण्यास त्यांचा केवढा उपयोग झाला असेल, हे संसारी वाचकांस सांगणे नलगे.

या गाडीत एक मूलभूत वैगुण्य होते. एंजिन मागच्या आसापलीकडे टांगलेले असल्यामुळे वळणावर मधेच घाबरून पेट्रोल सोडले, की मागची बाजू पुढे येऊ पाही. कारखान्याने हे वैगुण्य सोडून न देता सुधारीत आणले. १९६९ च्या नमुन्यात चाकांच्या दोन आसांमधील अंतर ५७ मिलिमीटरांनी वाढविले, तो या सुधारणांतील एक टप्पा. १९७७ साली पुढे एंजिन असलेली, मोठी व ऐसपैस ‘९२८’ काढून ९११ ला निवृत्त करण्याचा कंपनीचा बेत होता. पण गिऱ्हाईक ९११ ला सोडीना. १९८१ साली पीटर शुट्झ हा कंपनीचा प्रमुख झाला. भिंतीवरील तक्त्यावर ९११ ची रेघ त्या सालाशी थांबलेली पाहून त्याने लेखणी उचलली आणि ती रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर ओढीत नेली, अशी हकीकत तोच सांगत असे. ती रेघ आजही चालू आहे. पावसात, बर्फात, कचेरीस आणि बाजारास जी गाडी नेता येते, तीच मालकाच्या अंगवळणी पडते; आणि अंगवळणी पडलेली वस्तू मनुष्य सहसा टाकीत नाही. ९२८ अधिक सुखाची असूनही ९११ टिकली, याचे कारण आम्हांस हेच दिसते.

आतापर्यंत आपण स्पोर्ट्स कारला संसारी बनविण्याची वाट पाहिली. दुसरी वाट याच्या उलट, म्हणजे संसारी गाडीलाच तरतरी आणण्याची. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा ॲलेक इसिगोनिस याने अवघ्या दहा फूट लांबीत चार माणसे बसवून १९५९ साली ‘मिनी’ काढली. शर्यतीच्या गाड्या बांधणारा जॉन कूपर याला या लहानग्या गाडीची रस्त्यावरील पकड पाहून कौतुक वाटले, आणि १९६१ साली ५५ अश्वशक्तींची ‘मिनी कूपर’ अवतरली. १९६४, १९६५ आणि १९६७ या साली माँटे कार्लोची अवघड चढाओढ मिनीने जिंकली. ज्या गाडीत शेजारीण किराणा आणीत होती, तिच्याच सख्ख्या बहिणीने दुप्पट-तिप्पट किमतीच्या गाड्यांस हिमाच्छादित घाटांत मागे टाकले!

या वाटेचा राजमार्ग झाला तो फोक्सवागनच्या कारखान्यात. १९७३ च्या मार्चमध्ये तेथील आल्फोन्स ल्योव्हेनबेर्ग या अभियंत्याने आपल्या काही सहकाऱ्यांस एक टिपण पाठवून, कंपनीने एक स्पोर्ट्स गाडी काढावी, असे सुचविले. वरिष्ठांची अनुज्ञा नव्हती. तेव्हा चार-पाच मंडळी खाजगी रीतीने, प्रसिद्धीविभागाचा प्रमुख आंटोन कोनराड याच्या घरीसुद्धा जमून, हे काम पुढे ढकलीत राहिली. १९७४ साली जॉर्जेत्तो जुजारो याने रेखाटलेली साधी ‘गोल्फ’ बाजारात आली, आणि तिच्यात १.६ लिटरचे, ११० अश्वशक्तींचे एंजिन बसवून १९७५ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात ‘गोल्फ जी. टी. आय.’ मांडण्यात आली. वजन सुमारे ८१० किलो, वेग ताशी १८२ किलोमीटर. आतील चौकड्यांचे कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ या गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या कल्पक बाईच्या कल्पना. विक्री १९७६ साली सुरू झाली, तेव्हा पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. खनिज तेलाचे भाव १९७३ च्या अखेरीपासून चढले असता हे घडले, हे विशेष. दोन गाड्या ठेवण्याची ऐपत नसलेल्या माणसाला एकाच गाडीत दोन्ही मिळाली, हे त्याचे मर्म.

१९८९ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे भरलेल्या मोटारप्रदर्शनात या इतिहासातील एक मौजेचा योग जुळून आला. एकाच मांडवात जपानच्या दोन कंपन्यांनी प्रस्तुत प्रश्नाची दोन निराळी उत्तरे मांडली. होंडाने ‘एन. एस. एक्स.’ दाखविली. ॲल्युमिनियमचे अंग, मधोमध एंजिन. परंतु चालकाला चोहोंकडे स्वच्छ दिसावे म्हणून काचघर लढाऊ विमानाच्या धर्तीवर बसविलेले, आणि एंजिन होंडाच्या कोणत्याही गाडीइतके विश्वासू. सुझुकाच्या मार्गावर आयर्टन सेना याने ती चालवून पाहिली, तेव्हा सांगाडा आणखी ताठर हवा, असे मत त्याने दिले, आणि अभियंत्यांनी तो तसा केला. मॅक्लॅरेन कंपनीची सुप्रसिद्ध ‘एफ. वन’ रचताना गॉर्डन मरे याने हीच गाडी कसोटी म्हणून समोर ठेविली होती. रोज वापरता येणारी महावेगवान गाडी, ही कल्पना होंडाने सिद्ध केली यात संशय नाही.

दुसरी गाडी माझदाची ‘एम. एक्स. फाइव्ह’. बॉब हॉल या अमेरिकन पत्रकाराने १९७९ साली माझदाचे अधिकारी केनिची यामामोतो यांना सुचविले होते की, जुन्या इंग्रजी उघड्या गाड्यांसारखी साधी, हलकी गाडी आता कोणीच काढीत नाही, ती तुम्ही काढा. दहा वर्षांनी ती निघाली. १.६ लिटरचे एंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन हजार किलोंच्या आत, चालकाने बसल्या जागेवरून एका हाताने ओढता येईल असे छप्पर. आणि किंमत १३,८०० डॉलर. एन. एस. एक्स.ची किंमत याच्या चौपटीहून अधिक होती. पुढे काय झाले? एन. एस. एक्स. २००५ पर्यंत निघाली आणि एकंदर अठरा-एकोणीस हजारांच्या आसपास थांबली, एम. एक्स. फाइव्हने २०१६ साली दहा लाखांचा टप्पा ओलांडला. पहिलीचा गौरव सर्वांनी केला, दुसरी लोकांनी घरी नेली.

येथवरच्या कथेतून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. सोयीचा मोह एकदा सुरू झाला, की त्याला अंत नसतो. ८१० किलोंची गोल्फ जी. टी. आय. आज चौदाशे किलोंच्या पुढे गेली आहे; ९११ दीड हजारांच्या घरात आहे. यांतील पुष्कळसे वजन अपघातात जीव वाचविणाऱ्या साधनांचे आहे आणि त्याविषयी तक्रार करणे शहाणपणाचे होणार नाही. परंतु बरेचसे केवळ ऐसपैसपणाचे आहे. त्या वजनावर उतारा म्हणून अश्वशक्ती वाढवावयाची, अश्वशक्तीसाठी टायर रुंद करावयाचे, टायरांसाठी पुन्हा वजन, असे हे चक्र. दुसरीकडे अति लोकप्रियतेचेही भय असते. १९९० च्या सुमारास इंग्लंडात या तरतरीत छोट्या गाड्या इतक्या चोरीस जाऊ लागल्या आणि इतक्या आपटू लागल्या की, विम्याचे हप्ते तरुणांच्या आवाक्याबाहेर गेले आणि त्या जातीला काही वर्षे ग्रहण लागले. आणि नावाचा महिमा पाहावयाचा तर २०१९ साली भारतात आलेली एम. जी. पाहावी. त्या वेळी मालकी चीनच्या सैक कंपनीची, कारखाना गुजरातेतील हालोलचा, आणि पहिली गाडी ‘हेक्टर’ ही उंच, प्रशस्त कुटुंबवाहिनी. गाडी चांगली असेल. पण किंबरच्या आठ अश्वशक्तींच्या मिजेटशी तिचे नाते केवळ आद्याक्षरांचे आहे.

भारताचा या इतिहासाशी संबंध कितीसा, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, तो दिसतो त्याहून जवळचा आहे. आपली ‘ॲम्बॅसडर’ ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. आणि पुष्कळ वर्षे तिला ओढणारे १४८९ घनसेंटिमीटरांचे एंजिन ज्या घराण्याचे, त्याच घराण्याचे आणि त्याच मापाचे एंजिन १९५५ सालच्या ‘एम. जी. ए.’ या सुंदर स्पोर्ट्स गाडीत होते. म्हणजे कलकत्त्याच्या टॅक्सीत आणि कॅलिफोर्नियातील तरुणाच्या हौसेच्या गाडीत हृदय एकच होते! किंबर आपल्याकडे निपजला नाही, याचे कारण भागांची उणीव हे नव्हे. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाला निवडीचा अधिकारच नव्हता. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सान स्टॉर्म’ ही दोन आसनांची गाडी निघाली. अंग काचतंतूंचे आणि एंजिन रेनोचे लहानसे. प्रयत्न स्तुत्य, पण अल्पायुषी ठरला. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवागन ‘पोलो’ची १०५ अश्वशक्तींची ‘जी. टी. टी. एस. आय.’ ही आवृत्ती २०१३ साली आली, आणि मध्यमवर्गीय हौशी चालकांचे तिच्यावर प्रेम जडले. २०२२ साली पोलोचे येथील उत्पादन थांबले. २०२५ साली गोल्फ जी. टी. आय. भारतात विकावयास आली खरी, परंतु परदेशाहून तयार होऊन, मोजक्या संख्येने आणि पन्नास लाखांवरच्या किमतीस. जी गाडी एकच गाडी परवडणाऱ्या माणसासाठी जन्मली, ती आपल्या देशात चौथी गाडी घेणाऱ्याच्या अंगणात उभी राहावी, यातील विरोध उघड आहे.

आमच्याकडे एक माजी विद्यार्थी अशा गाडीविषयी विचारावयास आला होता. शून्यापासून शंभरापर्यंत जाण्यास कोणती गाडी किती सेकंद घेते, याचे कोष्टक त्याला मुखोद्गत होते. घरापासून कचेरीपर्यंत गतिरोधक किती, पावसाळ्यात गल्लीत पाणी किती साचते, गाडी रात्री कोठे उभी राहते आणि तिच्यात आईला बसता-उठता येईल काय, हे आम्ही विचारले, तेव्हा तो विचारात पडला. हे प्रश्न रुक्ष आहेत. परंतु ‘नित्योपयोगी’ या शब्दाचा सारा अर्थ त्यांत आहे. प्रत्येकाचा नित्य निराळा. म्हणून प्रत्येकाची गाडी निराळी. ज्याचा नित्य म्हणजे मुले आणि बाजारहाट, त्याने मिनी आणि गोल्फच्या कुळातली गाडी पाहावी. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे आणि ज्याचा प्रवास एकट्याचा, त्याला एम. एक्स. फाइव्हचे कुळ शोभेल. कुळ कोणतेही असो, तीन गोष्टी इतिहास एकमुखाने सांगतो. गाडीचे आतडे नेहमीच्या गाडीचे असावे, म्हणजे दुरुस्ती आणि सुटे भाग जवळ मिळतील. तिचे वजन कमी असावे, कारण हलकेपणाचा आनंद पहिल्या वळणापासून मिळतो. आणि तिच्यातून बाहेरचे स्वच्छ दिसावे.

या तिसऱ्या गोष्टीवर आम्ही विशेष भर देतो. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक मृत्यूंस अतिवेग कारण झाला. रस्ता ही सर्वांची मालमत्ता आहे. तीवर पायी चालणारी म्हातारी आणि सायकलवरील पोर यांचा हक्क चारशे अश्वशक्तींच्या मालकाइतकाच आहे. म्हणूनच स्पोर्ट्स कारच्या आवडीचे समर्थन करावयाचे, तर ते कमाल वेगाच्या आधारे करता येणार नाही. चारशे अश्वशक्तींच्या गाडीला रंगात येण्यासाठी कायदा मोडावा लागतो. हलकी, नेमकी, शंभर-सव्वाशे अश्वशक्तींची गाडी ताशी साठ किलोमीटरांवर घाटातील एखादे वळण घेतानाही चालकाला सुख देते. मिजेटचा कमाल वेग आजच्या एखाद्या स्कूटरहून फारसा अधिक नव्हता. तरी तिने एका पिढीला गाडी हाकण्याची कला शिकविली.

तेव्हा वेग आणि संसार यांचे वैर आहे, हे मत इतिहासाला मान्य नाही, असा आमचा निष्कर्ष आहे. वैर आहे ते वेगाचा दिमाख आणि संसार यांच्यात. ज्या गाड्या केवळ दिमाखासाठी जन्मल्या, त्या संग्रहालयात किंवा कापडाखाली गेल्या. ज्या रोज रस्त्यावर निघाल्या, पावसात भिजल्या, मुलांना शाळेत सोडून आल्या आणि तरीही रविवारच्या सकाळी मालकाला घाटाकडे ओढून नेत राहिल्या, त्यांची परंपरा आजतागायत चालू आहे. विजेच्या गाड्यांचे युग आता सुरू झाले आहे. त्यांत वेग स्वस्त झाला आहे आणि वजन आणखी वाढले आहे. या युगाचा किंबर कोण आणि तो कोणत्या दारोदारच्या गाडीला हात घालील, हे आज सांगता येत नाही. त्याची गाडी निघेल तेव्हा ती किती सेकंदांत शंभरावर जाते, हे विचारण्यापूर्वी तिचे वजन किती, आणि आपल्या गल्लीतून ती रोज सुखाने बाहेर पडेल काय, हे प्रथम विचारावे, एवढीच आमची वाचकांस सूचना आहे.